अमेरिकेच्या खेड्यात घर घेताना: यूएसडीए कर्ज, बोअर आणि वहिवाट

आम्ही ओहायोच्या आग्नेय भागातल्या एका छोट्या काउंटीत घर शोधत होतो. पहिलं घर हातचं गेलं ते कर्जामुळे नाही. क्रेडिट ठीक होतं, पगार बसत होता, सरकारी हमीच्या कर्जाची पूर्वमंजुरीही हातात होती. घराचा ड्राइव्हवे रस्त्यापासून दीडशे फूट आत जायचा, आणि त्यातले मधले चाळीस फूट शेजाऱ्याच्या जमिनीवर होते. वीस वर्षं गाड्या तिथूनच जात होत्या, कुणाचं भांडण नव्हतं. पण वहिवाटीचा एकही कागद काउंटीच्या दप्तरी नोंदलेला नव्हता. विकणाऱ्यांच्या एजंटने ही गोष्ट आधी सांगितली नाही, आम्हीही विचारली नाही. तीन आठवडे आणि अप्रेझलची, म्हणजे घराच्या मूल्यांकनाची, फी गेली.

भारतात गावाकडे जमीन घेताना आपले आजोबा पहिला प्रश्न रस्त्याचाच विचारायचे. दुसरा पाण्याचा. अमेरिकेत आल्यावर आपण व्याजदर आणि शाळेचं रेटिंग विचारतो आणि ते दोन प्रश्न विसरतो. उपनगरात ते खपून जातं. खेड्यात नाही. म्हणून या लेखात कर्जाबद्दल सगळं सांगतोच, पण जमिनीबद्दल जास्त सांगणार आहे.

हे कर्ज नेमकं काय आहे

अमेरिकेचं कृषी खातं, म्हणजे यूएसडीए, ग्रामीण भागात घर घेणाऱ्यांसाठी कर्ज योजना चालवतं. तिचं मूळ १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यातल्या कलम ५०२ मध्ये आहे. नाव कृषी खात्याचं असलं तरी शेतकरी असण्याची अट नाही. उलट चालती शेती घ्यायची असेल तर हे कर्ज मिळतच नाही.

योजनेच्या दोन वाटा आहेत. पहिली हमीची: पैसे देते नेहमीची बँक किंवा मॉर्गेज कंपनी, आणि सरकार तिला जामीन राहतं. कर्ज बुडालं तर सरकार बँकेच्या नुकसानाचा मोठा भाग भरून देतं, हमी कर्जाच्या ९० टक्क्यांपर्यंत असते. म्हणून बँक डाउन पेमेंट न घेता घराच्या पूर्ण किमतीइतकं कर्ज द्यायला तयार होते. मुदत ३० वर्षं, व्याजदर स्थिर. बदलत्या दराचा पर्यायच नाही, आणि मला ते चांगलंच वाटतं.

दुसरी वाट थेट कर्जाची. इथे सावकार स्वतः यूएसडीए. उत्पन्न कमी गटातलं लागतं, ढोबळमानाने त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या आत. मुदत ३३ वर्षं, काहींना ३८, आणि अनुदान धरून व्याज १ टक्क्यापर्यंत खाली येऊ शकतं. पुढे घर विकलं की त्या अनुदानातला काही भाग परत मागितला जातो. नुकतंच ग्रीन कार्ड मिळालेलं, एका पगारावर चालणारं कुटुंब असेल तर ही वाट जरूर तपासा. बाकीच्यांना बहुधा हमीचं कर्जच लागू पडेल, म्हणून इथून पुढे त्याबद्दलच.

आधी व्हिसा, मग बाकी सगळं

आपल्या लोकांचा सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून स्पष्ट सांगतो. एच-वन-बीवर असाल तर हे कर्ज मिळत नाही. अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि निर्वासितांसारख्या काही ठरावीक वर्गांनाच मिळतं. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे, प्रायॉरिटी डेट (रांगेतली तारीख) जवळ आली आहे, याचा उपयोग नाही. एफएचए, म्हणजे केंद्राच्या गृहनिर्माण खात्याच्या विम्याचं कर्ज, त्याची वाटही २५ मे २०२५ पासून कायमचे रहिवासी नसलेल्यांना बंद झाली आहे. व्हिसावर असताना घर घ्यायचंच असेल तर कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेलं साधं, कर्ज उरतं. त्याला डाउन पेमेंट लागतं, पण व्हिसाधारकांना ते मिळू शकतं.

जे-वन व्हिसाची अट माफ करून घेऊन खेड्यातल्या हॉस्पिटलात तीन वर्षं काम करणारे कितीतरी डॉक्टर आपल्यात आहेत. त्यांना गाव ग्रामीण आहे म्हणून हे कर्ज मिळेल असं वाटतं. ती तीन वर्षं ते एच-वन-बीवर असतात, आणि डॉक्टरचा पगार उत्पन्नाच्या मर्यादेतही सहसा बसत नाही. त्यांनी डॉक्टरांसाठीची वेगळी कर्जं पाहावीत.

उत्पन्नाचा हिशेब: इथे घाई करू नका

मर्यादा त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्के. २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक काउंट्यांसाठी ती १ ते ४ माणसांच्या कुटुंबाला १,१९,८५० डॉलर आणि ५ ते ८ माणसांना १,५८,२५० डॉलर अशी ठरली. महागड्या भागांत जास्त असते, आणि आकडे दरवर्षी बदलतात. तुमच्या काउंटीचा आकडा यूएसडीएच्या पात्रता संकेतस्थळावर दिसतो.

गंमत अशी की इथे उत्पन्न दोनदा मोजलं जातं, दोन वेगळ्या कारणांसाठी. एकदा पात्रतेसाठी: त्यात घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाची कमाई धरतात, त्याचं नाव कर्जावर असो वा नसो. पुन्हा एकदा परतफेडीसाठी: तिथे फक्त कर्जदारांचं, टिकाऊ उत्पन्न धरतात. त्यामुळे "बायकोचं नाव कर्जावर घालत नाही, म्हणजे तिचा पगार मोजणार नाहीत" ही युक्ती चालत नाही. आणि बघतात ते पुढच्या बारा महिन्यांचं अपेक्षित उत्पन्न, गेल्या वर्षीचा डब्ल्यू-टू (वर्षाचा पगार दाखवणारा फॉर्म) हा त्याचा पुरावा म्हणून. नियमित ओव्हरटाइम आणि बोनसही त्यात येतात.

उदाहरण घेऊ. नवऱ्याचा पगार ९२,००० डॉलर, बायको शाळेत काम करते, तिचा ३४,०००. दोन लहान मुलं. बेरीज १,२६,०००, म्हणजे मर्यादेच्या ६,१५० वर. बरेच जण इथेच नाद सोडतात. पण वजावटी आहेत. १८ वर्षांखालच्या प्रत्येक अवलंबून मुलामागे ४८० डॉलर, दोघांचे ९६०. नोकरीसाठी १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना पाळणाघरात ठेवावं लागत असेल तर तो खर्चही वजा होतो. महिना ७०० धरला तर वर्षाचे ८,४००. हिशेब येतो १,१६,६४० वर. कुटुंब बसलं. पाळणाघराच्या पावत्या मात्र हव्यात. रोख देऊन सांभाळणाऱ्या काकूंकडे मुलं ठेवत असाल तर त्यांच्याकडून लेखी घ्या.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांना खास लागू पडते. सासूबाई ग्रीन कार्डवर कायमच्या राहायला आल्या असतील तर तुम्ही पाच जण होता, आणि मर्यादा एकदम १,५८,२५० वर जाते. त्यांचं उत्पन्न, भारतातली पेन्शन धरून, हिशेबात घ्यावं लागतं. तरी बहुतेक वेळा फायदाच होतो. सहा महिन्यांसाठी पाहुणे म्हणून आलेल्या आईवडिलांना कुटुंबात मोजू नका.

भारतातला फ्लॅट, त्याचं भाडं, एफडीचं व्याज हे सगळं अर्जात सांगा. "त्यांना काय कळणार" असं म्हणून लपवलं तर ती सरकारी अर्जावरची खोटी माहिती ठरते. ग्रीन कार्डधारकाने तो धोका कधीच पत्करू नये. शिवाय ज्याच्याकडे २० टक्के डाउन पेमेंट भरण्याइतकी रोकड आहे आणि ज्याला साधं कन्व्हेन्शनल कर्ज सहज मिळतं, त्याच्यासाठी ही योजना नाहीच. नियमातच तसं आहे.

हप्ता किती बसतो

क्रेडिट स्कोअर ६४० च्या वर असला की यूएसडीएच्या स्वयंचलित प्रणालीतून काम सहसा सुरळीत जातं. त्याखाली हाताने तपासणी होते, कागद वाढतात.

खर्च दोन प्रकारचे. एकदाच लागणारी हमी फी १ टक्का, जी कर्जातच मिळवता येते. आणि शिल्लक रकमेवर दरवर्षी ०.३५ टक्का, जी हप्त्याबरोबर महिन्याला जाते. एफएचएला हेच आकडे १.७५ टक्के आणि बहुतेकांना ०.५५ टक्के, वर साडेतीन टक्के डाउन पेमेंट. यूएसडीए स्वस्त पडतं ते इथे. फक्त लक्षात ठेवा, ही वार्षिक फी कर्ज असेपर्यंत सुटत नाही. कन्व्हेन्शनलमध्ये २० टक्के मालकी झाली की कर्जावरचा मॉर्गेज विमा काढून टाकता येतो, तसं इथे नाही. सुटका हवी तर पुढे रीफायनान्स, म्हणजे नवं कर्ज घेऊन हे फेडणं.

समजा घर २,४०,००० डॉलरचं आहे. हमी फी मिळवून कर्ज सुमारे २,४२,४२४. व्याज साडेसहा टक्के धरलं तर मुद्दल-व्याजाचा हप्ता साधारण १,५३२. वार्षिक फीचे महिन्याला ७०. मालमत्ता कर २०० आणि घरविमा १५० धरा. एकूण १,९५२ डॉलर. नियम असा की घराचा हा सगळा खर्च महिन्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या २९ टक्क्यांत आणि गाडी, क्रेडिट कार्ड, शैक्षणिक कर्ज धरून सगळी देणी ४१ टक्क्यांत बसावीत. म्हणजे या घराला महिना सुमारे ६,७३० डॉलर उत्पन्न लागेल, आणि इतर हप्ते ८०० च्या आसपास चालतील. स्कोअर चांगला असेल तर या टक्केवारीत थोडी सूट मिळते. शैक्षणिक कर्जाचा हप्ता सध्या शून्य असला तरी शिल्लक रकमेच्या अर्धा टक्का दरमहा धरतात. ६०,००० बाकी असतील तर ३०० डॉलर तिथेच गेले.

डाउन पेमेंट शून्य म्हणजे खिशातून काहीच जाणार नाही असं नव्हे. क्लोजिंगचा (सह्या होऊन घर नावावर होतं तेव्हाचा) खर्च, तपासण्या, पहिल्या वर्षाचा विमा हे आहेच. विकणाऱ्याला किमतीच्या ६ टक्क्यांपर्यंत तुमच्या खर्चाचा वाटा उचलता येतो, ऑफरमध्येच मागा. अप्रेझल खरेदी किमतीपेक्षा जास्त आलं तर त्या फरकाइतका क्लोजिंगचा खर्च कर्जात घालता येतो. आमच्या वेळी तसे १,८०० डॉलर बसले होते.

आईबाबा भारतातून मदत पाठवणार असतील तर ती भेट म्हणून चालते. बँकेला त्यांची सही असलेलं पत्र लागतं, की हे पैसे परत द्यायचे नाहीत, आणि पैसा कुठल्या खात्यातून कुठे आला याचा माग. भारताच्या बाजूने एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात; १० लाख रुपयांच्या वर टीसीएस (बँकेने आगाऊ कापलेला कर) कापला जातो, तो त्यांनी विवरणपत्रात परत मागायचा. परदेशातून वर्षभरात एक लाख डॉलरच्या वर भेट आली तर तुम्हाला आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याला, फॉर्म ३५२० द्यावा लागतो. भेटीवर कर नसतो, पण फॉर्म चुकला तर दंड मोठा आहे.

नकाशा आधी, घर नंतर

यूएसडीएच्या नकाशावर पत्ता टाकला की ते ठिकाण पात्र आहे की नाही कळतं. साधारणपणे मोकळा ग्रामीण भाग आणि छोटी गावं पात्र असतात. काही जुन्या पात्र गावांना ३५,००० लोकवस्तीपर्यंत सवलत टिकून आहे. कोलंबस, क्लीव्हलँडसारखी शहरं अर्थातच नाहीत. पण शहरापासून पाऊण तासावर, जिथे गाव संपून मक्याची शेतं लागतात, तिथे बरेच पत्ते बसतात. रेषा कधी कधी रस्त्याच्या मधून जाते, एका बाजूचं घर पात्र आणि समोरचं अपात्र. म्हणून गावाचं नाव नको, पूर्ण पत्ताच टाका. आणि घर बघायला जाण्याआधी टाका. आम्ही एक घर आधी पाहिलं, मुलीने तिची खोलीही निवडली, आणि मग नकाशा पाहिला. तिची समजूत काढायला आठवडा गेला.

घर स्वतः राहण्यासाठीच हवं. भाड्याने देण्यासाठी किंवा वीकेंडसाठी नाही. एकरांची कमाल मर्यादा नाही, पण प्लॉट त्या भागात चालतो तेवढाच असावा. व्यवसायासाठी बांधलेला गोठा, मोठी ग्रीनहाऊस असं काही असेल तर अडतं. परसात भेंडी, मेथी आणि चार कोंबड्या, त्याला कुणाची ना नाही. नुसती मोकळी जमीन या कर्जावर घेता येत नाही.

जमीन, रस्ता, कागद

ओहायोत ८८ काउंट्या आहेत, आणि आपल्याकडे तहसील, तलाठी, भूमापन मिळून जे करतात ते इथे काउंटीच्या वेगवेगळ्या टेबलांवर विखुरलेलं असतं. ऑडिटरच्या (काउंटीचा कर-नोंदी ठेवणारा अधिकारी) संकेतस्थळावर प्रत्येक पार्सल, म्हणजे जमिनीचा तुकडा, सापडतं: मालक, कर, जुन्या विक्री, हवाई नकाशा. बहुतेक जण हे पाहून थांबतात. पण सातबारा हा जसा महसुली नोंदीचा कागद, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, तसंच ऑडिटरच्या पानाचं. टायटल, म्हणजे मालकी हक्क, क्लिअर आहे का हे रेकॉर्डरकडच्या डीड्समधून (खरेदीखतांमधून) ठरतं, आणि ते काम टायटल कंपनी करते. तिचा प्राथमिक अहवाल आला की त्यातला अपवादांचा भाग ओळ न ओळ वाचा. ज्या गोष्टींची जबाबदारी विमा घेणार नाही त्या तिथे लिहिलेल्या असतात. बँकेसाठीचा टायटल विमा सक्तीचा असतो. स्वतःसाठीचा वेगळा घ्यावा लागतो. तो घ्याच.

वहिवाटीचं आधी सांगितलं. घरापर्यंत बारमाही रस्ता हवा. तो सार्वजनिक असेल तर प्रश्न नाही. खासगी असेल तर कायमची, नोंदलेली ईझमेंट (वहिवाटीचा हक्क) हवी, आणि बर्फ कोण काढणार, खडी कोण टाकणार याचा लेखी करार असला तर उत्तम. ऑडिटरच्या हवाई नकाशावर सीमारेषा थोड्या सरकलेल्या असतात, त्यांच्यावर विसंबू नका. कुंपण, शेड, ड्राइव्हवे सीमेजवळ असेल तर पैसे खर्चून सर्वेअरकडून मोजणी करून घ्या. आमच्या दुसऱ्या घराच्या वेळी आम्ही ती केली. कोपऱ्यातल्या चारपैकी तीन लोखंडी खुंट्या मातीखाली सापडल्या, चौथी नव्याने ठोकली. ते पैसे मला कधीही जास्त वाटले नाहीत.

ओहायोच्या पूर्व भागात जमिनीच्या खालच्या हक्कांचंही विचारा. कोळसा, तेल, वायूचे हक्क पन्नास-शंभर वर्षांपूर्वी वेगळे काढून विकलेले असू शकतात. म्हणजे अंगण तुमचं, खालचा वायू दुसऱ्याचा. जुन्या खाणींमुळे जमीन खचू शकते, म्हणून राज्यातल्या २६ काउंट्यांत घरविम्याबरोबर खाण-खचाव विमा सक्तीचा आहे. राज्य सरकारच्या नकाशावर जुन्या खाणी पाहता येतात. दुसऱ्या राज्यांत प्रश्न दुसरे. कोलोरॅडोत ३५ एकरांपेक्षा लहान प्लॉटवर बऱ्याचदा फक्त घरगुती वापराचा बोअर परवाना मिळतो, बागेला पाणी घालायचीही परवानगी नसते. टेक्सासच्या काउंट्यांत झोनिंग जवळपास नसतंच. शेजारी उद्या गाड्यांचं भंगार साठवू लागला तर तक्रार कुठे करणार?

करातही एक खाच आहे. शेतीच्या वापरासाठी कर कमी लावलेली जमीन असेल आणि तुम्ही शेती बंद केलीत तर ओहायोत मागच्या तीन वर्षांत वाचलेला कर वसूल होतो. हा बोजा कोणी उचलायचा ते करारात लिहून घ्या. शिवाय ओहायोत मालमत्ता कर मागच्या काळाचा भरला जातो, त्यामुळे विकणाऱ्याच्या काळातला कर क्लोजिंगला त्याच्याकडून तुम्हाला जमा मिळायला हवा. आकडा स्वतः तपासा.

पाणी आणि मैला

खेड्यातल्या घराला बहुतेकदा नळाचं पाणी आणि गटार नसतं. बोअर आणि सेप्टिक टाकी. खासगी बोअरच्या पाण्यावर केंद्र सरकारचं नियंत्रण नाही. ते पिण्याजोगं आहे की नाही हे बघणं मालकाचं काम. कर्जासाठी पाण्याची चाचणी द्यावीच लागते. बँक मागते त्यापेक्षा जास्त करा: कोलिफॉर्म जिवाणू, नायट्रेट, शिसं, आर्सेनिक. आजूबाजूला मक्याची शेतं असतील तर नायट्रेट महत्त्वाचं. मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम, आणि त्याच्या वर गेलं तर तान्ह्या बाळाच्या दुधात ते पाणी चालत नाही. बोअर मिनिटाला किती गॅलन देतो हेही मोजून घ्या. बोअर सेप्टिक टाकीपासून निदान ५० फूट आणि ड्रेनफील्डपासून १०० फूट असावा असा सरकारी हमीच्या कर्जांचा दंडक आहे. ड्रेनफील्ड म्हणजे टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा पट्टा.

आमच्या घराची सेप्टिक तपासणी मार्चमध्ये झाली. विकणाऱ्यांना टाकी कुठे आहे तेच नक्की माहीत नव्हतं. तपासणारा माणूस लोखंडी सळई जमिनीत खुपसत, आवाज ऐकत फिरला. मागच्या दारापासून बारा पावलांवर टण् असा आवाज आला, तसं त्याने फावडं घेतलं. हातभर मातीखाली काँक्रीटचं झाकण. ते उघडल्यावर वास आलाच, पण त्याने टॉर्च मारून मला बोलावलं: बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी जो आडोसा असतो तो गळून पडला होता. म्हणजे घट्ट मळी सरळ ड्रेनफील्डमध्ये जात होती. मग तो उताराकडे गेला. सगळीकडे गवत हिवाळ्याने करपलेलं, आणि मधोमध एक पट्टा हिरवागार, बूट रुतेल इतका ओला. "इथे तुमचं ड्रेनफील्ड श्वास घेत नाहीये," असं तो म्हणाला. नवीन ड्रेनफील्डचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलरच्या पुढे सहज जातो. त्याच्या लेखी अहवालावरून विकणाऱ्यांनी क्लोजिंगआधी परवाना काढून दुरुस्ती केली. नुसती नेहमीची घरतपासणी करून घेतली असती तर तो खर्च आमच्या गळ्यात पडला असता, कारण तो तपासनीस टाकी उघडत नाही.

म्हणून टाकी उपसून, झाकण उघडून तपासणाऱ्याकडूनच सेप्टिक तपासा. काउंटीच्या आरोग्य खात्यात त्या पत्त्याचा जुना सेप्टिक परवाना मागा. टाकी किती बेडरूमसाठी मंजूर आहे ते त्यात असतं. तीन बेडरूमची मंजुरी आणि जाहिरातीत पाच बेडरूम असतील तर तिथेच थांबून विचारा.

अप्रेझर बँकेसाठी काम करतो, हे विसरू नका. तो किंमत आणि किमान निकष पाहतो. छत, पाया, वायरिंग, हीटिंग यांची तपासणी तुमची तुम्ही करायची. तळघर असेल तर रेडॉन या किरणोत्सारी वायूचीही. लिटरला ४ पिकोक्युरीच्या वर आलं तर पंखा बसवणं विकणाऱ्याकडे मागा.

उरलेलं भराभर सांगतो. इंटरनेट खरंच येतं का, हे एफसीसीच्या (केंद्राचं दूरसंचार खातं) नकाशावर आणि मग शेजाऱ्याला विचारून पाहा. प्रोपेनची टाकी मालकीची आहे की भाड्याची? अग्निशमन केंद्र पाच मैलांच्या आत नसेल तर घरविमा महाग होतो, म्हणून ऑफर देण्याआधी विम्याचं कोटेशन घ्या. फेमा या केंद्राच्या आपत्ती खात्याच्या पूररेषेत घर असेल तर पूरविमा सक्तीचा, आणि तो हप्त्याच्या टक्केवारीत मोजला जातो. शेजारी डुकरांची मोठी पैदास असेल तर उन्हाळ्यात एकदा संध्याकाळी जाऊन उभे राहा. शेतकऱ्याचा हक्क जपणारे कायदे सगळ्या राज्यांत आहेत. वासाबद्दलची तक्रार सहसा टिकत नाही.

अर्जापासून किल्लीपर्यंत

यूएसडीएची कर्जं नियमित करणारी बँक निवडा. "आम्ही तेही करतो" म्हणणारी नको. गेल्या वर्षी अशी किती कर्जं केली हे विचारायला संकोच करू नका. पूर्वमंजुरी घ्या, आणि पात्रतेच्या उत्पन्नाचा हिशेब लेखी मागा.

ऑफरमध्ये कर्ज, घरतपासणी, पाणी, सेप्टिक आणि टायटल अशा वेगवेगळ्या अटी घाला. क्लोजिंगला ४५ दिवस मागा. कारण बँकेने फाइल मंजूर केल्यावर ती यूएसडीएच्या रूरल डेव्हलपमेंट कार्यालयात जाते, आणि तिथून कंडिशनल कमिटमेंट (हमीचं सशर्त पत्र) आल्याशिवाय क्लोजिंग होत नाही. काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, आणि अंदाजपत्रक अडलं की ही खिडकी बंद पडते. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर सरकार बंद होतं, तेव्हा ज्यांची कमिटमेंट आली नव्हती ते अडकून बसले. ऑक्टोबरमध्ये क्लोजिंग ठरवायचं असेल तर करारात मुदतवाढीचं कलम हवंच.

या काळात नोकरी बदलू नका, गाडी घेऊ नका, फर्निचर हप्त्यावर उचलू नका. क्लोजिंगच्या आधी बँक पुन्हा क्रेडिट पाहते. सह्या करण्याआधी निदान तीन दिवस क्लोजिंग डिस्क्लोजर (अंतिम खर्चाचा तक्ता) हातात येतं. लोन एस्टिमेट (अर्जाच्या वेळी मिळालेला खर्चाचा अंदाज) शेजारी ठेवून दोन्हींचे आकडे जुळवा. शेवटच्या दिवशी घर पाहायला जाल तेव्हा सगळे नळ एकदम सोडून दहा मिनिटं वाहू द्या, बोअरचा दाब पडतो का ते कळेल. प्रोपेनचं मीटर किती दाखवतं त्याचा फोटो घ्या. काउंटीचा सेप्टिक परवाना, बोअरची नोंद, सर्वेचा नकाशा हे कागद विकणाऱ्याकडून त्याच दिवशी मागून घ्या. नंतर ते माणूस दुसऱ्या राज्यात गेलेलं असतं.

घरात गेल्यावर टाकी दर तीन ते पाच वर्षांनी उपसा आणि पाणी दरवर्षी तपासा. एस्क्रोचा, म्हणजे हप्त्यातून कर आणि विम्यासाठी बाजूला काढलेल्या पैशांचा, हिशेब वर्षातून एकदा येतो. नव्या मूल्यांकनाने कर वाढला की हप्ताही वाढतो, तेवढे पैसे गाठीशी ठेवा. आमच्याकडे एप्रिलमध्ये बर्फ वितळला की मुलगी काउंटीच्या आरोग्य खात्यातून निर्जंतुक बाटली आणते, स्वयंपाकघरातला नळ पाच मिनिटं वाहू देते, काठाला बोट न लावता भरते, आणि आम्ही ती त्याच सकाळी पोचवून येतो.